लंडनमध्ये लँडसियर बघायचा असेल तर

प्राण्यांची चित्रं आवडत असतील आणि लंडनला जाणार असाल तर एडविन लँडसियरसाठी एक अख्खा दिवस ठेवाच. १८०२ चा जन्म, तेराव्या वर्षी रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात चित्रं, पुढे व्हिक्टोरिया राणीचा लाडका चित्रकार. आज बरेच लोक त्याला रडका, जुनाट म्हणून सोडून देतात, मला ते अजिबात पटत नाही.

सुरुवात व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमपासून करा. साउथ केन्सिंग्टन स्टेशनवरून भुयारी रस्त्याने थेट पोचता, तिकीट नाही, शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं. इथे १८३७ चं 'द ओल्ड शेफर्ड्स चीफ मोर्नर' आहे. जेमतेम दीड फूट बाय दोन फूट, मोठं काहीतरी शोधत फिरलात तर समोरून निघून जाल. मेंढपाळाची शवपेटी, वर घोंगडी आणि तिच्यावर हनुवटी टेकून बसलेला त्याचा कुत्रा, खोलीत दुसरं कुणीच नाही. टोपी-काठी खाली पडलीये, स्टुलावर बायबल आणि चष्मा. घोंगडी कुत्र्याच्या पंजांनी ओढली गेलीये ते जवळ जाऊनच दिसतं. कलासमीक्षक रस्किनने या चित्राचं भरभरून कौतुक केलं होतं ते उगाच नाही, मी तिथून लवकर हललोच नाही.

मग ट्यूबने, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेने, पिम्लिको, तिथून चालत टेट ब्रिटन, तेही फुकट. 'डिग्निटी अँड इम्प्युडन्स' (१८३९) मधला धीरगंभीर ब्लडहाउंड आणि शेजारी चिमुकला टेरिअर, आणि न्यूफाउंडलंड कुत्र्याचं चित्र, दोन्ही टेटच्या संग्रहातली. काळ्या-पांढऱ्या न्यूफाउंडलंडला आजही लँडसियरच म्हणतात. पण संग्रहातलं सगळं कायम भिंतीवर नसतं, त्यामुळे निघण्याआधी वेबसाइटवर चित्र सध्या लावलंय का ते बघा, हे सगळ्याच म्युझियमला लागू.

संध्याकाळी ट्रॅफल्गर स्क्वेअर. नेल्सनच्या खांबाखालचे चार सिंह त्याचेच, १८६७ मध्ये बसवले. प्राणिसंग्रहालयातला मेलेला सिंह स्टुडिओत आणला होता पण काम संपायच्या आधीच तो सडायला लागला, म्हणून पंजे कुत्र्यासारखे झाले असं सांगतात, नीट बघा, पटतं. वर चढू नका, लोकांच्या चढण्याने ब्राँझची नासधूस होते. १८७३ मध्ये लँडसियर गेला तेव्हा याच सिंहांना हार घातले होते, दुकानांचे पडदे खाली ओढले होते. शेवटची वर्षं मानसिक आजारात फार वाईट गेली त्याची. समाधी सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये आहे, तिथे मात्र तिकीट चांगलंच महाग.

हरणाचं ते प्रसिद्ध 'मोनार्क ऑफ द ग्लेन' लंडनमध्ये शोधू नका, ते एडिंबराच्या नॅशनल गॅलरीत आहे, वेव्हर्ली स्टेशनवरून चालत जाता येतं. २०१७ मध्ये ४० लाख पाउंडांना घेतलं त्यांनी. स्कॉटलंड मुद्दाम त्यासाठी करू नका, जाणारच असाल तर बघा. त्यापेक्षा वॉटरलूहून ट्रेनने एगमला रॉयल हॉलोवे कॉलेजात जा. आर्क्टिकमध्ये हरवलेल्या फ्रँकलिनच्या मोहिमेवरचं लँडसियरचं चित्र आहे, जहाजाच्या अवशेषांवर तुटून पडलेली दोन पांढरी अस्वलं, अंगावर येतं अक्षरशः. परीक्षेच्या काळात ते झेंड्याने झाकतात, त्याच्यासमोर बसलं की नापास होतो अशी मुलांची समजूत, त्यामुळे परीक्षेचे दिवस टाळा आणि गॅलरी कधी उघडी असते ते आधी विचारून घ्या, रोज नसते.