हौदा वेगळा, केबिन वेगळी: आमची वाटचाल

कुडाळच्या एमआयडीसीत आमचा शेड आहे. ग्रिल, गेट, पत्र्याच्या शेड यांवर सुरुवातीची वर्षं नीट गेली. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सांगायचं आहे ते पिकअपवरच्या कायाक कॅरिअरबद्दल, म्हणजे वल्ह्याची लांब, अरुंद होडी गाडीवरून न्यायच्या लोखंडी सांगाड्याबद्दल. त्यानेच आम्हाला नाव दिलं आणि त्यानेच एकदा शेडला कुलूप लावायची वेळ आणली.

तारकर्ली-देवबागला कायाक वाढल्या, तशी लोकं विचारायला लागली. पिकअपच्या मागच्या हौद्यात बारा-चौदा फुटी कायाक मावत नाही, डबल केबिनच्या गाडीत तर नाहीच. भागीदारीत तेव्हा माझा मामेभाऊ होता. आर्क वेल्डिंगचा त्याच्यासारखा हात मी आजवर पाहिलेला नाही. आम्ही दोघांनी एकसंध सांगाडा केला: पुढचे पाय केबिनच्या टपावर, मागचे हौद्यावर, मधे 40 बाय 40 चा चौकोनी पाइप, कोपऱ्यात आमची खूण म्हणून कापलेली त्रिकोणी पट्टी. दिसायला देखणा. अकरा विकले.

पिकअपची केबिन आणि हौदा चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी चौकटीवर, वेगवेगळे बसवलेले असतात, हे आपल्या धंद्यात पोराटोरालाही माहीत असतं. खड्ड्यात चासी पिळली की दोन्ही आपापल्या दिशेने हलतात. आम्ही मात्र त्यांना एकाच लोखंडात जखडलं होतं. फोंडा घाटात वर-खाली करणाऱ्या गाडीचा सांगाडा सगळ्यात आधी गेला. चीर वेल्डिंगच्या टाक्यात नव्हती, टाक्याच्या काठाला होती. मामेभावाचा टाका शेवटपर्यंत शाबूत राहिला, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगतो. चूक मापाची होती आणि माप माझं होतं. एका पावसाळ्यात अकराच्या अकरा परत आले. काही टपांना पोचे पडले होते, त्यांचा डेंटिंगचा खर्चही आम्हीच भरला. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. मामेभाऊ गोव्यात नोकरीला गेला. भांडण नाही झालं, त्याच्या घरची चूल पेटायला हवी होती.

परत आलेल्यांत देवबागचे एक काका होते. मी पैसे पुढे केले तर म्हणाले, "पैशे परत देव नको. माका ह्यो सांगाडो नीट करून दी." चार दिवस गाडी शेडवर सोडली. रोज एसटीने येऊन स्टुलावर बसायचे, माझं माप बघायचे.

त्या चार दिवसांत आजचं कॅरिअर झालं. सगळे पाय हौद्यावर. पुढच्या चौकटीचा बाहू केबिनच्या वरून पुढे जातो, पण टपाला टेकत नाही, मधे चार बोटं मोकळी. दोन आडव्या बारांमधलं अंतर कायाकच्या लांबीच्या निदान तिसऱ्या हिश्शाएवढं, नाहीतर वाऱ्यात नाक डोलतं. आधी वेल्डिंग, मग गरम जस्तात बुडवणं. खाऱ्या हवेत नुसता रंग दोन पावसाळे काढत नाही. आणि पाइपला भोकं पाडायला विसरू नका. जस्त साडेचारशे अंशांवर असतं, बंद पाइपात पाणी राहिलं तर त्याची वाफ होऊन पाइप फुटतो. बोल्ट 316 जातीच्या स्टेनलेसचे आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्याने सैल न होणारे. नेहमीच्या 304 स्टेनलेसला समुद्राकाठी लवकर तांबेरा धरतो.

आता मनातलं बोलतो. शेजारच्या तालुक्यातल्या एकाने आमचा जुना, फसलेला सांगाडा कुठूनतरी मिळवला आणि मापासकट उतरवला. त्रिकोणी पट्टीसुद्धा तशीच ठेवली. आमच्यापेक्षा तीन हजारांनी स्वस्त विकतो. तो चिरला की माणूस माझ्या दारात येतो, "तुमचाच ना हा?" मी त्याला गाडीखाली झोपवून चासी दाखवतो, केबिन ज्यांवर बसते ते रबर दाखवतो. काहींना पटतं. काही जण ते ऐकून न घेता मालवणच्या बाजारात माझं नाव घेतात. ज्या चुकीसाठी आम्ही पाटल्या गहाण ठेवल्या, ती त्याने उचलली. ती दुरुस्त कशी केली ते मात्र उचललं नाही. हे मला अजून टोचतं.

कॅरिअर कुणाकडूनही घ्या, पण घेताना हाताने हलवून बघा. केबिनला आणि हौद्याला एकाच वेळी पक्कं केलेलं असेल तर घेऊ नका. पट्टा कॅम बकलचा, म्हणजे हाताने ओढून अडकवायचा, वापरा. रॅचेटने, म्हणजे दांडा मागेपुढे करून ताणायच्या पट्ट्याने, प्लास्टिकची कायाक आवळली आणि गाडी उन्हात उभी राहिली की बुडाला खळगा पडतो. पट्ट्याला एक पीळ द्या, म्हणजे वाऱ्यात भणभणत नाही. नाकाला आणि शेपटीला वेगळी दोरी हवीच. मागे बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं बांधा.

मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ येणार म्हटल्यावर देवबागच्या काकांनी 15 तारखेला दोन खेपा करून सगळ्या कायाक माझ्या शेडमध्ये आणून टाकल्या. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर काय झालं ते इथे सगळ्यांना माहीत आहे. वादळ गेल्यावर मी पाना घेऊन त्यांच्या कॅरिअरचे आठही बोल्ट तपासले. एकही अर्धा आटा सैल नव्हता. आजही तेच बोल्ट आहेत.