मीठभाकरीत पुरणपोळी

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मी विद्यापीठाचे पेपर तपासत होते. "तुमच्या जडणघडणीत शाळेचा वाटा, असं काहीतरी लिहा," म्हणाले. जडणघडण वगैरे मला जमणार नाही. मी मीठभाकरीबद्दल लिहिते.

आठवीचा वर्ग. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं आणि दापोलीचा जुलैतला पाऊस. मोठी सर आली की मराठीच्या बाई वाक्य अर्ध्यात सोडून थांबायच्या आणि ती ओसरली की त्याच शब्दापासून पुढे सुरू. त्या दिवशी समाहार द्वंद्व समास चालला होता. मीठभाकर म्हणजे मीठ, भाकर आणि तत्सम साधे खाद्यपदार्थ. बाईंनी विचारलं, "मग मीठभाकरीत पुरणपोळी येते का?" मागच्या बाकावरून कोणीतरी "सणाला येते" म्हणालं आणि वर्ग खिदळला. बाई हसल्या नाहीत. "'तत्सम'वर बोट ठेवा," म्हणाल्या. "मीठ आणि भाकर शेजारी बसलेत. तिसऱ्याला त्यांच्या पंगतीत बसता आलं पाहिजे."

बऱ्याच वर्षांनी एलएल.बी.च्या वर्गात सरांनी 'इजस्डेम जेनेरिस' हे तत्त्व सांगितलं. कायद्यात 'बस, ट्रक, टेम्पो व इतर वाहने' असं लिहिलेलं असेल, तर त्या 'इतर'मध्ये सहसा होडी शिरत नाही. आधीच्या नावांचं जे कूळ, त्याच कुळातलं वाहन हवं. बाकीचे लॅटिन नाव पाठ करत होते. मला कौलांवरचा पाऊस ऐकू येत होता.

मधल्या काळात मी मराठी घेऊन बी.ए. आणि एम.ए. केलं होतं, चार वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं होतं. जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीत काही नाही. एका वर्षी नेमणुकीच्या पत्रात 'पुढील आदेशापर्यंत' असे दोन शब्द आले. म्हणजे कधीपर्यंत, हे ऑफिसात कोणालाच सांगता येईना. एम.ए. झालेल्या बाईला दोन मराठी शब्दांचा अर्थ लागू नये याचा मला इतका राग आला, की त्याच जूनमध्ये सकाळच्या विधी महाविद्यालयात नाव घातलं. पुढे एलएल.एम., प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा आणि पहिली मुलाखत. तिथे एका सदस्यांनी माझी फाइल उलटीसुलटी करून विचारलं, "मराठी साहित्य? मग कायदा कसा काय शिकवणार?" मी काहीतरी नम्र बोलले. नोकरी मिळाली नाही. नोकरीचं जाऊ दे, त्या नम्रपणाची चुटपुट अजून आहे.

कारण उत्तर आपल्या दापोलीतच होतं. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे, जन्म १८८०, शाळा दापोलीत. संस्कृत घेऊन एम.ए., रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात मास्तर, मग हायकोर्टात वकिली, मग मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात कायद्याचे प्राध्यापक. 'साहित्यदर्पणा'ची आवृत्ती काण्यांनी काढली आणि नीलकंठाच्या 'व्यवहारमयूखा'चीही. एकात काव्य कशाला म्हणायचं याचा काथ्याकूट, दुसऱ्यात वारसांची वाटणी. 'धर्मशास्त्राचा इतिहास' लिहिताना पहिला खंड १९३० मध्ये आला, पाचवा १९६२ मध्ये, आणि लगेच १९६३ मध्ये भारतरत्न. मुलाखत संपवून एसटी स्टँडवर उभी होते तेव्हा हे सगळं आठवलं. उत्तरं स्टँडवरच सुचतात.

साहित्यातून आलेली म्हटल्यावर लोकांना वाटतं, ही वर्गात कविता म्हणत असेल. तसं काही नाही. चोरी शिकवताना कायद्यातली उदाहरणंच मी गोष्टीसारखी वाचून दाखवते. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ती कलम ३७८ खाली होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३०३ खाली आहेत. एक माणूस कुत्र्याला भुलवायला खिशात आमिष ठेवतो आणि दुसऱ्याचं कुत्रं त्याच्या मागे निघतं. कायद्यात आमिष काय ते सांगितलेलं नाही; मी कोकणातली, मी सुकट ठेवते. आता सांगा, चोरी कधी झाली? कुत्रं घरी बांधलं तेव्हा? मालकाच्या आवाराचा गडगा ओलांडला तेव्हा? मुलं हिरिरीने भांडतात. कायदा म्हणतो, मालकाच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने त्याच्या ताब्यातून न्यायचं असेल, तर कुत्रं मागे चालायला लागलं की चोरी झाली. ताबा, संमती, हेतू, वस्तू हलवणं, सगळं त्या पहिल्या पावलात. एका मुलाने गंभीरपणे विचारलं होतं, "मॅडम, कुत्र्याची संमती धरायची नाही का?" त्याला मी मनातल्या मनात पाचपैकी पाच दिले.

पुराव्याचा कायदा शिकवतानाही शाळाच मदतीला येते. 'कोण कोणास म्हणाले?' 'कोण' बरोबर आणि 'कोणास' चूक, की बाई अर्धा मार्क कापायच्या. तेव्हा तो कद्रूपणा वाटायचा. पण साक्षीदाराने बोलणं स्वतः ऐकलं, की ऐकणाऱ्याकडून ऐकलं, यावर ती साक्ष घ्यायची की नाही हे ठरतं. तिथे अर्धा मार्क फार मोठा असतो.

बाई आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. गेल्या वैशाखात त्यांचा फोन आला. शेजाऱ्याशी विहिरीवरून वाद निघाला होता. सासऱ्यांच्या काळातल्या खरेदीखतात 'घर, पडवी, गोठा वगैरे' एवढंच लिहिलेलं.

"तुझा कायदा काय म्हणतो गं, 'वगैरे'त विहीर येते का?"

"बाई, तुम्हीच सांगा."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाल्या, "पंगतीत बसत नाही मेली."

मी म्हटलं, एवढ्यावर हार मानू नका, पूर्ण दस्त बघायला हवा. चतुःसीमा काय लिहिल्यात, पुढे कुठे पाण्याचा उल्लेख आहे का. आठ दिवसांनी पोस्टाने झेरॉक्स आली. चार पानं, मोडी वळणाचं देवनागरी अक्षर. विहिरीचा उल्लेख तिसऱ्या पानावर निघाला, पण बाईंनी त्यावर काही खूण केली नव्हती. लाल पेनाच्या खुणा होत्या त्या दस्तलेखकाच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर. एकूण सतरा.