जिंकणाऱ्यावर का लावत नाही?

मी गोल्फवर पैसे लावतो हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : मग या वेळी कोण जिंकणार? मी म्हणतो, मला काय माहीत. मग जरा आठ्या घालून दुसरा प्रश्न येतो : अहो, मग लावता तरी कशावर? आता तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

मी एडिनबर्गला राहतो. इथे हे कायदेशीर आहे, बुकीची दुकानं भर बाजारात असतात. (भारतात ऑनलाइन पैसे लावून खेळण्यावर २०२५च्या कायद्याने बंदी आली आहे, तेव्हा तिथे बसून हे करून बघू नका.) मोठ्या गोल्फ स्पर्धेत दीडशेच्या आसपास खेळाडू उतरतात. त्यांतला सगळ्यात मोठा मोहरासुद्धा जिंकण्यापेक्षा हरतोच जास्त वेळा. शिवाय त्या दीडशे जणांच्या प्रत्येकाच्या भावात बुकीने आपला हिस्सा थोडा थोडा कापून ठेवलेला असतो. मी लावतो जोडीवर. बुकी दोन नावं समोरासमोर ठेवतो. चार दिवसांत, रोजची एक अशा चार फेऱ्यांत, ज्याचे फटके कमी, तो पुढे. एक सोळावा आला आणि दुसरा एकेचाळिसावा, तरी माझं काम झालं. करंडक कुणाच्या हातात गेला हे मी कधी कधी सोमवारी वाचतो.

दोघं तुल्यबळ वाटले तर भाव बहुधा १०/११ असतो. ११ पौंड लावा, जिंकलात तर वर १० मिळतील. गणित केलंत तर शंभरात साडेबावन्न वेळा बरोबर आलं तर कुठे हातातोंडाची गाठ पडते. हे दिसतं तेवढं सोपं नाही.

माझी पद्धत विचाराल तर मी कुणावर लावतच नाही, कुणाच्या तरी विरुद्ध लावतो. आधी शोधायचा तो ज्याचं नाव त्याच्या सध्याच्या खेळापेक्षा मोठं झालंय असा गडी. त्याच्यासमोर कोण ठेवलाय हे नंतर. गेल्या आठवड्यात लांबलांबचे पट (चेंडू जमिनीवरून घरंगळवत होलमध्ये घालायचे फटके) घालून तिसरा आलेला माणूस हे माझं आवडतं गिऱ्हाईक. अमेरिकेच्या पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेत गेली वीसेक वर्षं जवळजवळ प्रत्येक फटका मोजला जातो, आणि कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ब्रॉडी यांनी त्यातून कुणी कुठे किती फटके वाचवले हे काढायची रीत बसवली. त्यातून दिसतं ते असं की आठवडाभराचं पटिंग टिकत नाही, ग्रीनकडे, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीकडे, आयर्न या काठीने लांबून मारलेले फटके बरेच जास्त टिकतात. टीव्हीवर मात्र पटच लक्षात राहतो, आणि लोकांचे पैसे टीव्हीच्या मागे जातात.

इथे स्कॉटलंडमध्ये आणखी एक गंमत. रॉबर्ट मॅकिन्टायर हा ओबानचा पोरगा. २०२३च्या स्कॉटिश ओपनमध्ये रोरी मॅकिलरॉयने शेवटच्या दोन होलना बर्डी करून, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एकेक फटका कमी घेऊन, त्याला एका फटक्याने मागे टाकलं, आणि पुढच्याच वर्षी याने ती स्पर्धा जिंकली. आता त्या आठवड्यात त्याच्यावर लागणारे पैसे हे हिशेबाचे कमी आणि मायेचे जास्त असतात. त्याच्या विरुद्ध लावणं शहाणपणाचं असेलही, पण तो मलाही आवडतो, म्हणून त्याची जोडी मी सोडूनच देतो. पुण्यात जन्मलेल्या अनिर्बान लाहिरीचंही तसंच. २०२२च्या प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये तो एका फटक्याने दुसरा आला, तेव्हापासून तो मैदानात असला की इथल्या मराठी मंडळातली निम्मी माणसं मला त्याचा भाव विचारतात.

एका फेरीवर लावावं की चारही फेऱ्यांवर? चारही. व्यावसायिक खेळाडूची एक फेरी त्याच्या सरासरीपासून साधारण पावणेतीन फटके इकडेतिकडे जाते. समजा तुमचा माणूस फेरीमागे अर्ध्या फटक्याने सरस आहे. बरोबरी सोडली, तर एका दिवसात तो शंभरात पंचावन्न वेळा पुढे राहील, चार दिवसांत साठच्या आसपास. मधे कट असल्याने, म्हणजे दोन फेऱ्यांनंतर मागे पडलेल्यांना घरी पाठवत असल्याने, हे गणित थोडं ढिलं पडतं, पण दिशा तीच.

एका फेरीची पैज मी लावतो ती हवामान दिसत असेल तेव्हाच. ब्रिटिश ओपनमध्ये सगळे पहिल्याच होलवरून सुटतात, त्यामुळे सकाळी साडेसहापासून दुपारपर्यंत रांग चालू असते आणि समुद्राचा वारा काही सगळ्यांची सारखी वाट बघत नाही. २००२ साली म्युअरफील्डला, म्हणजे माझ्या घरापासून तासाभरावर, शनिवारी दुपारी वादळ आलं. मास्टर्स आणि यूएस ओपन जिंकून आलेल्या टायगर वुड्सने त्या दिवशी ८१ फटके घेतले, स्कॉटलंडच्या कॉलिन माँटगोमेरीने ८४. सकाळी लवकर सुटलेल्यांवर ती पाळी आली नाही. म्हणून जोडीतला एक सकाळच्या तुकडीत आणि दुसरा दुपारच्या, असं असेल तर आधी अंदाज बघायचा. दोघं एकाच गटात असतील तर पाऊस दोघांवर सारखाच पडणार, त्यात मिळवण्यासारखं काही नाही.

नियम मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. एकाने कट चुकवला तर दुसरा जिंकला. दोघांनी चुकवला तर सहसा पहिल्या दोन फेऱ्यांचा, म्हणजे ३६ होलचा, आकडा धरतात. सुरुवात करून मनगट धरून कुणी बाहेर पडला, तर बहुतेक ठिकाणी तो हरला. बरोबरी झाली तर काही जण पैसे परत देतात, काही बरोबरीचा वेगळा भाव ठेवतात आणि मग तुमचे पैसे गेले. १०/११ सगळीकडे दिसायला सारखंच, पण या एका ओळीने त्याची किंमत बदलते.

आणि तुम्हाला खरं विचारायचंय ते, सुटतात का पैसे? सुटतात, पण त्यावर घर चालवण्याचा विचार करू नका. तुम्ही सतत चांगले भाव उचलताय हे बुकीच्या संगणकाला कळलं की तो तुमची मर्यादा खाली आणतो. माझ्या एका खात्यावर आता एका जोडीला चार पौंडांच्या वर घेतच नाहीत. दुकानात जाऊन रोखीने लावलं तर अजून घेतात, म्हणून बुधवारी संध्याकाळी मी चालत जातो.