एका नावाचे दोन सैनिक: अमेरिकन क्रांतिकाळातला वादग्रस्त पूर्वज शोधताना

अमेरिकन क्रांतियुद्धात लढलेल्या पूर्वजावरून नातेवाइकांत वाद होतो, तो बहुतेक वेळा कागद नसल्यामुळे नव्हे, तर दोन माणसं एकात मिसळल्यामुळे. काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) तीच, नाव तेच, वयात दोन-चार वर्षांचा फरक. मग एकाची लष्करी सेवा, दुसऱ्याची बायको आणि तिसऱ्याचं थडगं जोडून सोयीचा पूर्वज तयार होतो. म्हणून ‘तो आपला होता का’ हे नंतर. त्या भागात त्या नावाचे पुरुष किती होते, हे आधी मोजायचं.

मोजणीला जनगणना फारशी कामाची नाही. १७९० च्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे, बाकीचे नुसते आकडे. व्हर्जिनियाच्या तर त्या वर्षीच्या याद्याच हरवल्या आहेत. ‘व्हर्जिनिया १७९०’ म्हणून जे छापील पुस्तक मिळतं ते १७८२ ते १७८५ च्या राज्याच्या याद्यांवरून तयार केलेलं आहे. खरा आधार तिथल्या १७८२ पासूनच्या करयाद्यांचा. प्रत्येक वर्षाला एक ओळ असा तक्ता करा आणि त्यात नाव, करपात्र पुरुष, घोडे, गुरं आणि यादी घेतल्याची तारीख भरा. तारीख सोडू नका. बऱ्याच याद्या आद्याक्षरानुसार लावलेल्या असल्यामुळे शेजारी विखुरले जातात, पण अधिकारी एका दिवशी एका वस्तीत फिरला असेल तर तारखेवरून ते पुन्हा एकत्र येतात. एकाच वर्षी तेच नाव दोन वेगळ्या तारखांना, वेगळ्या शेजाऱ्यांसोबत दिसलं, तर बहुधा दोन माणसं. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’वर मात्र भिस्त ठेवू नका. त्या काळी त्याचा अर्थ गावातला थोरला आणि धाकटा एवढाच. ते काका-पुतणे असतील किंवा एकमेकांचे कोणीही नसतील. थोरला वारला की कालचा ज्युनियर आज सीनियर होतो.

हा तक्ता हाताशी असला की मगच त्या युद्धातल्या सैनिकांच्या पेन्शन अर्जांच्या फायली उघडाव्यात. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या (नॅशनल आर्काइव्ह्ज) एम८०४ या मायक्रोफिल्म मालिकेत २,६७० रिळं आणि सुमारे ८०,००० फायली आहेत. नोव्हेंबर १८०० मध्ये युद्धखात्याच्या कचेरीला आग लागली आणि त्याआधीचे अर्ज जळाले, त्यामुळे सुरुवातीच्या काळातला अर्ज सापडला नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. फाइलमध्ये काय मिळेल हे कायद्यावर ठरतं. १८१८ च्या कायद्याने कॉन्टिनेंटल सेनेत (वसाहतींच्या एकत्रित नियमित सैन्यात) नऊ महिने किंवा युद्ध संपेपर्यंत सेवा केलेल्या गरजू सैनिकांना पेन्शन दिली. १८२० पासून त्यांना मालमत्तेची यादी द्यावी लागली. तिच्यात गायी आणि किटल्यांसोबत घरातल्या माणसांची नावं नि वयंही अनेकदा सापडतात. १८३२ च्या कायद्याने गरिबीची अट गेली, सहा महिने पुरेसे झाले आणि मिलिशियावाल्यांचाही (स्थानिक नागरी दलातल्यांचाही) समावेश झाला. यात न्यायालयासमोर ठरावीक प्रश्न विचारले जात: जन्म कुठे, वयाची नोंद कुठे आहे, भरती झाला तेव्हा कुठे राहत होता, युद्धानंतर कुठे राहिला, अधिकारी कोण होते. यातलं स्थलांतराचं उत्तर सगळ्यांत मोलाचं. अर्जदार १७९५ मध्ये केंटकीला गेल्याचं सांगतो आणि तुमच्या तक्त्यात ते नाव १८०१ पर्यंत जुन्याच काउंटीत कर भरतंय, तर तो करदाता बहुधा दुसरा.

विधवांच्या फायली याहून समृद्ध असतात, कारण लग्नाची तारीख सिद्ध करणं त्यांना भाग होतं. १८३६ च्या कायद्यात लग्न नवऱ्याची सेवा संपण्याआधीचं हवं होतं, १८३८ च्या कायद्यात १ जानेवारी १७९४ पूर्वीचं. १८५३ मध्ये तारखेची अटच गेली. लग्नाची सरकारी नोंद नसली की कुटुंबं बायबलमधलं जन्म-लग्नाच्या नोंदींचं पान फाडून वॉशिंग्टनला पाठवत. ती पानं आजही फायलींत आहेत. पण पान कोणाचं, अक्षर कोणाचं हे सोबतच्या प्रतिज्ञापत्रात असतं. ते आधी वाचा. बायबल छापल्याचं वर्ष पहिल्या जन्मनोंदीनंतरचं असेल किंवा वीस वर्षांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताने लिहिलेल्या असतील, तर त्या मागाहून उतरवलेल्या आहेत. आणि लग्न नेमकं डिसेंबर १७९३ चं, म्हणजे १८३८ च्या अटीत जेमतेम बसणारं निघालं, तर पहिल्या मुलाचा जन्म कधीचा ते नक्की तपासा!

तारखांत अकरा दिवसांचा किंवा वर्षाचा फरक आला म्हणून लगेच दुसरा माणूस धरू नका. १७५२ मध्ये ब्रिटिश वसाहतींत २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला, आणि तोवर कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे.

फाइल क्रमांकाआधीचं ‘एस’ म्हणजे हयात सैनिक, ‘डब्ल्यू’ म्हणजे विधवा, ‘आर’ म्हणजे नामंजूर. नामंजूर म्हणजे खोटा नव्हे; सेवा सहा महिन्यांहून कमी भरली तरी अर्ज फेटाळला जाई. उलट पुन्हा पुन्हा पुरावे जोडल्यामुळे अशा फायली कधीकधी जाडजूड असतात. एम८०५ या दुसऱ्या मालिकेत मात्र मोठ्या फायलींतली जास्तीत जास्त दहा निवडक पानंच आहेत. कोणी ‘पूर्ण फाइल पाहिली’ म्हणत असेल तर कोणत्या मालिकेतली, हे विचारून घ्या.

सैनिक पक्का झाला तरी पुढची पिढी त्याला जोडणं हेच अवघड काम. सैनिकाच्या स्वतःच्या अर्जात मुलांची नावं नसणं नेहमीचंच. शेवटच्या हप्त्याच्या पावत्या वेगळ्या ठेवलेल्या असतात. त्यांत मृत्यूची तारीख आणि काही वेळा वारसही मिळतात. त्याहून चांगली खरेदीखतं. मृत्युपत्राविना वारलेल्याची जमीन वारस एकत्र विकतात, तीही कधीकधी वीस वर्षांनी, दुसऱ्या राज्यात बसून. विक्रेत्यांच्या सूचीत बऱ्याचदा पहिल्याच वारसाचं नाव ‘व इतर’ असं असतं आणि तो दुसऱ्या आडनावाचा जावई असू शकतो. म्हणून ती जमीन पुढे कोणाकडे होती ते करयादीत पाहा आणि त्या खरेदीदाराच्या नावाने शोधा. मृत्युपत्रात एखादा मुलगा नसला तर त्याला आधीच जमीन मिळाली असेल, हेही तपासून घ्या.

‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन’ ही क्रांतिकाळातल्या पूर्वजांच्या वंशज स्त्रियांची संस्था १८९० ची; सदस्य व्हायला वंशावळीचा अर्ज द्यावा लागतो. तिचे सुरुवातीचे मंजूर अर्ज आजच्या कसोटीला अनेकदा उतरत नाहीत. अर्जाची प्रत मागवून प्रत्येक पिढीखाली कोणता पुरावा दिलाय ते पाहा. जुन्या छापील वंशावळींचंही तेच. गुस्ताव्ह आंजूसारख्याने श्रीमंत घराण्यांना बनावट वंशावळी विकल्या, आणि त्या अजूनही उतरवल्या जातात.

वाय-डीएनएने (बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या डीएनएच्या चाचणीने) वेगवेगळ्या घराण्यांतले दोन नामसाधर्म्यवाले वेगळे काढता येतात, पण त्यासाठी दोघांच्याही अखंड पुरुष-वंशातले आजचे वंशज हवेत. दोघे सख्खे किंवा चुलत भाऊ असतील तर ही चाचणी त्यांना सहसा वेगळं करू शकत नाही. तिथे पुन्हा करयाद्या आणि खरेदीखतंच.