साखर तोडली तर मेंदूतली गाठ उपाशी मरेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते. एमआरआय संपतो, पेशंट कपडे बदलायला जातो, तेवढ्यात नातेवाईक दार ढकलून हळूच आत येतात. "मॅडम, कॅन्सर साखरेवर जगतो म्हणतात. यांचं गोड, भात, पोळी सगळं तोडलं तर गाठ उपाशी मरेल ना?" विचारणारी कधी बायको असते, कधी मुलगा, कधी गावाहून धावत आलेला भाऊ. तिथे उभ्या उभ्या मी एवढंच सांगू शकते की नाही मरणार, आणि भात-पोळी तोडू नका. पण एवढ्याने कुणाचं समाधान होत नाही आणि होऊही नये. प्रश्न खुळा नाही. गेली शंभर वर्षं मोठमोठी माणसं याच प्रश्नाच्या मागे आहेत.

सुरुवात बर्लिनची. १९२०च्या दशकात तिथे ओटो वॉरबुर्ग हे शास्त्रज्ञ उंदरांच्या गाठींचे पातळ काप काढून ते किती ऑक्सिजन घेतात आणि किती लॅक्टिक आम्ल सोडतात हे मोजत होते. ऑक्सिजन कमी पडला की आपले स्नायूही ग्लुकोज अर्धवट फोडून लॅक्टिक आम्ल बनवतात. पण गाठीच्या पेशी भरपूर ऑक्सिजन असतानाही तेच करत होत्या. हा व्यवहार वरकरणी तोट्याचा. ग्लुकोज पूर्ण जाळलं तर एका रेणूमागे एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या सुट्ट्या नाण्यांचे, तीसेक रेणू मिळतात, अर्धवट फोडलं तर फक्त २. मग गाठ असं का करते? वॉरबुर्ग यांना वाटलं की पेशीची श्वसनयंत्रणाच बिघडलेली असते. आज आपण जरा वेगळं सांगतो. भराभर दुप्पट होणाऱ्या पेशीला नुसती ऊर्जा पुरत नाही. नवा डीएनए, पेशीभोवतीचं नवं पटल, नवी प्रथिनं बनवायला तिला कार्बन लागतो, आणि हा कच्चा माल ग्लुकोजच्या त्या अर्धवट वाटेवरून फाटे फुटून मिळतो.

मेंदूच्या गाठीत तर श्वसन बऱ्यापैकी शाबूत असतं. अमेरिकेत डॅलसच्या शास्त्रज्ञांनी ऑपरेशनच्या वेळी पेशंटच्या शिरेतून खूण केलेलं ग्लुकोज दिलं आणि काढलेल्या गाठीत ते कुठे पोचलं ते शोधलं. ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतली सगळ्यात आक्रमक गाठ, ग्लुकोज मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या भट्टीत, नीट जाळतानाही दिसली. २०१४मध्ये त्याच गटाने दाखवलं की या गाठी ॲसिटेट हे दुसरं इंधनही जाळतात. ग्लुकोज हा तिचा एकुलता एक घास नाही.

यात मेंदूची स्वतःची गोष्ट वेगळीच आहे. शरीराच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम २ टक्के, पण विश्रांतीच्या वेळी शरीर खर्च करतं त्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा तो घेतो, आणि तो मुख्यतः ग्लुकोजमधून. म्हणून पेट स्कॅनमध्ये एफडीजी हे किरणोत्सारी ग्लुकोज दिलं की फुप्फुसातली गाठ काळ्या आभाळात चांदणी उठून दिसावी तशी दिसते, पण मेंदूत निरोगी करडा भागच एवढा उजळतो की शेजारची गाठ त्यात हरवते. त्यामुळे जिथे सोय आहे तिथे मेंदूसाठी मेथिओनिन किंवा एफईटी अशी अमिनो आम्लं वापरतात. निरोगी मेंदू ती फार ओढत नाही, गाठ ओढते. थोडक्यात, साखरेची उपासमार आधी कुणाला झोंबेल, तर चांगल्या मेंदूला.

माझं रोजचं काम स्पेक्ट्रोस्कोपीचं. एमआरआयच्याच मशीनवर, सुई न टोचता, गाठीतली रसायनं वाचायची. चित्रावर साधारण दीड-दोन सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा ठेवायचा. कवटीचं हाड, टाळूखालची चरबी, पाण्याच्या पोकळ्या त्यात येऊ द्यायच्या नाहीत, नाहीतर आलेख वाचण्यालायक राहत नाही. काही मिनिटांनी पडद्यावर शिखरं उमटतात. निरोगी मेंदूत सगळ्यात उंच शिखर एनएए या रसायनाचं, आलेखाच्या आडव्या पट्टीवर २.० या आकड्यावर. ते चेतापेशींचं. ३.२वर कोलिन, पेशींची पटलं घडताना आणि मोडताना वाढणारं. गाठीत हे चित्र पालटतं. एनएए खाली बसतं कारण चेतापेशी मरतात किंवा बाजूला सारल्या जातात, आणि कोलिन उंच चढतं. वॉरबुर्ग यांचं लॅक्टेट, म्हणजे तेच लॅक्टिक आम्ल, १.३पाशी दिसतं, दोन टोकांचं जोडशिखर. मशीनची 'इको टाइम' नावाची एक वेळ १४०च्या आसपास मिलिसेकंद ठेवली तर हे शिखर उलटं होतं, रेषेच्या खाली लटकतं, आणि त्यावरून चरबी कोणती आणि लॅक्टेट कोणतं हे वेगळं काढता येतं. इतक्या वर्षांनीही ते उलटं शिखर दिसलं की मी क्षणभर थांबते. पण लॅक्टेट पू झालेल्या फोडातही असतं आणि पक्षाघातातही, तेव्हा एकट्या त्याच्यावर कॅन्सरचा शिक्का मारायचा नसतो.

साखरेच्या चर्चेत एक गोष्ट नेहमी मागे पडते, आणि मला सगळ्यात महत्त्वाची तीच वाटते. २००८मध्ये अमेरिकेत ग्लिओब्लास्टोमाची जनुकं वाचताना काही गाठींत आयडीएच१ या जनुकात एकाच ठिकाणी बदल सापडला. हे जनुक चयापचयाच्या एका साध्या विकराचं (एन्झाइमचं), अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या, पाठ्यपुस्तकातल्या क्रेब्ज चक्राच्या आसपासचं. कॅन्सरशी त्याचा संबंध असेल असं कुणाच्या मनातही नव्हतं. पुढच्याच वर्षी उलगडलं की बदललेला विकर आपलं नेहमीचं काम सोडून टू-हायड्रॉक्सिग्लुटारेट नावाचं रसायन ढिगाने बनवतो. ते डीएनएवरच्या रासायनिक खुणा पुसणाऱ्या विकरांना अडवतं, खुणा साचत जातात आणि पेशी धड प्रौढ होत नाही. म्हणजे इथे चयापचय गाठीच्या मागून येत नाही, गाठीला सुरुवातच तिथून होते.

त्यावरून आज निदान बदललं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या वर्गीकरणात हा बदल असलेल्या प्रौढांच्या गाठीला ग्लिओब्लास्टोमा म्हणतच नाहीत. ती ॲस्ट्रोसायटोमा किंवा ऑलिगोडेन्ड्रोग्लिओमा, बहुधा तरुण वयात येणारी आणि पेशंटला जास्त वर्षं देणारी. व्होरासिडेनिब ही गोळी नेमकी याच बिघडलेल्या विकराला अडवते. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ऑपरेशननंतरच्या ग्रेड २च्या, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या गाठीच्या, पेशंटमध्ये गाठ पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यम काळ ११.१ महिन्यांवरून २७.७ महिन्यांवर गेला, आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. चयापचयावर घाव घालायचा तो असा, नेमक्या जागी.

आहाराचं काय, तर तेही तपासून झालंय. जर्मनीत पुन्हा उलटलेल्या ग्लिओब्लास्टोमाच्या ५० पेशंटवर चाचणी झाली. दुसऱ्यांदा रेडिएशन देताना निम्म्यांना कीटो आहार (भात-पोळी-साखर जवळपास बंद, स्निग्ध पदार्थ भरपूर) आणि उपास, निम्म्यांना नेहमीचं जेवण. २०२०मध्ये निकाल आला. गाठ वाढण्याच्या वेळेत फरक पडला नाही. ज्यांची रक्तातली साखर खरोखर खाली आली त्यांचं जरा बरं चाललेलं दिसलं, पण ती नंतर केलेली छाननी होती, त्यावर कुणाचं ताट ठरवता येत नाही.

कारण ताटातली साखर आणि रक्तातली साखर यांच्यात यकृत बसलेलं आहे. तुम्ही खाल्लं नाहीत तर ते स्नायूंतली प्रथिनं मोडून ग्लुकोज बनवतं. त्यात बहुतेकांना मेंदूची सूज उतरवायला डेक्सामेथासोन चालू असतं. ते स्टेरॉइड भूक वाढवतं, रक्तातली साखर वर नेतं आणि मांड्या पार सुकवतं. माझ्याकडे फॉलोअपच्या स्कॅनला येणाऱ्या एका काकांचं घरच्यांनी दीड-दोन महिने फक्त काकडी, दुधी आणि कडुनिंबाच्या रसावर भागवलं होतं, सगळं प्रेमापोटीच. स्कॅनमध्ये गाठ होती तेवढीच होती. काका मात्र टेबलावरून उठताना दोघांच्या आधाराशिवाय उभे राहू शकले नाहीत. त्यांच्या पत्नीने त्यांच्या पँटचा, नवीन भोकं पाडलेला पट्टा दाखवला. असा माणूस पुढचं केमो झेपवू शकत नाही, ते पुढे ढकलावं लागतं.

म्हणून चहात साखर नको वाटत असेल तर घालू नका, मिठाई बंद केलीत तर उत्तमच. पण डेक्सा चालू असेपर्यंत ग्लुकोमीटर घरात ठेवा आणि आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा, कारण या आजारात रक्तातली साखर सतत चढी राहिलेल्यांचं आयुष्य कमी आढळलं आहे. स्टेरॉइड मात्र आपल्या मनाने एकदम बंद करू नका. वजन दर आठवड्याला करा. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये आयडीएचच्या पुढे काय लिहिलंय ते शोधा, आणि काहीच लिहिलेलं नसेल तर ती तपासणी व्हायची आहे का, हे ऑन्कोलॉजिस्टना पहिल्याच भेटीत विचारा. कीटो करायचाच असेल तर त्यांना आणि आहारतज्ज्ञांना सांगून, वजनावर लक्ष ठेवून. आणि पेशंटने दुपारी वरण-भात मागितला, तर वाढा.