दर वाढला नाही, घरपट्टी वाढली

"पेपरात तर आलं होतं, करवाढ फेटाळली म्हणून. मग आपलं बिल असं कसं, काकू?" सोसायटीची खजिनदार झाल्यापासून हा प्रश्न मला जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, कुठंही गाठून विचारला जातो. विचारणाऱ्याचं चुकत नाही. पुण्यात अंदाजपत्रकाचे दिवस आले की मिळकतकर वाढवायचा विषय निघतो आणि बहुतेक वेळा बारगळतो. दर आहेत तिथंच राहतात. तरीही आमच्या इमारतीतल्या प्रत्येकाची घरपट्टी जुन्या घराच्या तिप्पट-चौपट झालेली आहे, कारण आमची इमारत नवी झाली.

आम्ही कोथरूडचे. जुनी इमारत १९८४ ची, तीन मजली, बिनलिफ्टची. माझा फ्लॅट ५३० चौरस फुटांचा आणि घरपट्टी वर्षाला चार हजारांच्या जरा वर. मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला, तेव्हा माझी बोरिवलीची बहीण फोनवर भलतीच खूश होती. मी तिला म्हटलं, माझं जुनं घर तिथं असतं तरी तीस फुटांनी हुकलं असतं. २०१८ मध्ये इमारत पाडली, २०२१ मध्ये नव्या घराचा ताबा मिळाला. आता ६९० फूट कार्पेट, दोन बाल्कन्या, पार्किंगला नंबर. आणि पहिलं पूर्ण वर्षाचं बिल २२,४०० रुपये.

हे कसं होतं ते समजून घ्यायला मला बराच वेळ लागला, म्हणून इथं लिहून ठेवते. पुण्यात घरपट्टी घराच्या बाजारभावावर नसते. हे घर भाड्यानं दिलं तर महिन्याला चौरस फुटामागं किती मिळेल, असा एक मानीव दर धरतात. त्याला क्षेत्रफळानं आणि बारा महिन्यांनी गुणायचं, दुरुस्ती-देखभालीचे दहा टक्के वजा करायचे, की करपात्र रक्कम आली. तिच्यावर मग सर्वसाधारण कर, सफाई कर, अग्निशामक कर, वृक्ष कर, जललाभ, जलनिःसारण, शिक्षण कर अशी टक्केवारी लागत जाते. बिलाच्या उजव्या बाजूचा तो रकाना बहुतेक लोक वाचतच नाहीत, थेट तळाचा आकडा बघतात.

मेख आहे ती मानीव दरात. तुमच्या घराची पहिली आकारणी ज्या वर्षी झाली, त्या वर्षीचा दर तुमच्या घराला चिकटतो. १९८४ च्या घराला १९८४ ची आठवण असते. घर पाडून नवं बांधलं की ती पुसली जाते आणि आजच्या दरानं नव्यानं आकारणी होते. आमच्या समोरच्या जुन्या इमारतीतले काका माझ्यापेक्षा थोड्याच लहान घरात राहतात. तोच रस्ता, तेच नळाचं पाणी, तीच कचरागाडी. ते भरतात पाच हजारांच्या आत. ते काही चोरी करत नाहीत आणि माझ्यावरही कोणी सूड उगवलेला नाही. पण वर्तमानपत्रात 'करवाढ नाही' छापून येतं ते त्यांच्यासाठी खरं असतं, माझ्यासाठी नाही. जुन्या इमारती पडतात आणि नव्या उभ्या राहतात तसं अख्खं शहर हळूहळू आजच्या दरावर येत चाललंय, एकाही सभेत एकही हात वर न होता.

त्यात आमची वेळ नेमकी वाईट. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर आकारणीत ४० टक्के सवलत, हा १९७० सालच्या ठरावापासूनचा रिवाज. पिढ्यान् पिढ्या लोकांना ही सवलत मिळते आहे हेही माहीत नव्हतं, बिल तेवढंच असतं असं वाटायचं. पुढं लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, राज्य सरकारनं सवलत काढली आणि १ एप्रिल २०१९ नंतर नव्यानं आकारणी झालेल्या घरांना ती मिळेना. आमची आकारणी २०२१ ची. म्हणजे दर नवा आणि सवलत शून्य. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सवलत पुन्हा सुरू केली, पण नव्या मिळकतदारांनी स्वतःच राहतो याचा पुरावा द्यायचा होता. त्यासाठी पीटी-३ नावाचा अर्ज. मुदत त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातली.

मी शाळेच्या ऑफिसात आयुष्य काढलंय, फॉर्म बघितला की हात शिवशिवतात. आमच्या दिवाणखान्यात दिवाळीच्या आधी रोज संध्याकाळी पीटी-३ ची शिबिरंच भरत होती. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट किंवा गॅसचं पुस्तक, सोसायटीचं पत्र, शहरात दुसरी मिळकत असेल तर तिचं बिल. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं सगळं तयार होतं, फक्त कराच्या नोंदीला अजून यजमानांचं नाव होतं, त्यांना जाऊन चार वर्षं झाली तरी. आधी नाव लावून घ्या, म्हटलं. त्या म्हणाल्या, "राहू दे ना, दारावरच्या पाटीवरही त्यांचंच आहे." पाटीवरचं राहू द्या, नोंदीतलं बदला, असं ठरलं.

अवघड गेलं ते एकच पत्र. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा मालक बेंगळुरूला नोकरीला. फ्लॅटमध्ये तीन मुलं भाड्यानं राहतात, महिन्याला ३२,००० भाडं येतं, आणि ते मला माहीत आहे कारण घर भाड्यानं देणाऱ्याकडून सोसायटी घेते त्या बिगरभोगवटा शुल्काची पावती मीच फाडते. त्याचा फोन आला. "काकू, तेवढं सोसायटीचं पत्र करून ठेवा ना, मी दिवाळीत आलो की सही घेतो."

"कसलं पत्र? तू राहतोस असं?"

"हो म्हणजे... घर माझंच आहे ना. आई होती तेव्हा आम्ही राहतच होतो की."

"ते जुन्या इमारतीत."

"काकू, सगळे करतात."

त्याला मी लहानपणापासून ओळखते. बोरं पाडायला आमच्या कंपाउंडवर चढणारा मुलगा. वर्षाला नऊएक हजारांचा प्रश्न होता आणि त्याच्या पगारात ते कुठं दिसणारही नाहीत. पण पत्रावर सही सोसायटीची, म्हणजे माझी आणि सेक्रेटरींची. शिवाय महापालिकेच्या कर खात्याचा पेठ निरीक्षक पाहणीला येतो तेव्हा दार त्या तीन मुलांपैकी एक उघडणार. मी नाही म्हटलं. वार्षिक सभेला तो ऑनलाइन होता, हिशोब वाचून झाल्यावर त्यानं लिफ्टच्या देखभालीवर तीन प्रश्न विचारले, तिन्ही इंग्रजीत. विचारू दे. सोसायटीचं लेटरहेड म्हणजे काही मारुतीचा प्रसाद नाही, आलेल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवायला.

माझ्या बिलाचं म्हणाल तर सवलत लागल्यावर ते १३,४०० च्या आसपास आलं. आधी जास्त भरलेले पैसे पुढच्या बिलांतून वळते. सुटका झाली, पण जुन्या चार हजारांशी तुलना केलीत तर अजून तिप्पट आहेच. माझी शाळा विनाअनुदानित होती, त्यामुळे पेन्शन ईपीएसची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाबरोबरच्या पेन्शन योजनेची. त्या योजनेत किमान पेन्शन महिना हजार रुपये आहे आणि माझी त्याच्या फार वर नाही, एवढंच सांगते. बाकी घर यांच्या ठेवींच्या व्याजावर चालतं. लोक म्हणतात, "काय कमी आहे, कोथरूडला दीड कोटीचं घर आहे." आहे. त्यातली एक वीट काढून औषधाच्या दुकानात देता येत नाही.

म्हणून मी व्यवस्था लावून घेतली आहे. बँकेत बाराशे रुपयांची रिकरिंग, एप्रिलमध्ये पूर्ण होईल अशी. बिल आलं की सवलतीच्या मुदतीच्या आत भरते, कारण वेळेत भरणाऱ्याला सूट असते. लहान मिळकतीला दहा टक्के, मोठीला पाच. इथं एक गैरसमज सर्रास आहे. ही सूट अख्ख्या बिलावर नसते, फक्त सर्वसाधारण कराच्या ओळीवर असते. त्यामुळे "दहा टक्के सूट म्हणाले आणि एवढेसेच कमी झाले" म्हणून भांडायला जाऊ नका. उलट थकवलंत तर महिन्याला दोन टक्के शास्ती. वर्षाचे चोवीस झाले! सात टक्क्यांची एफडी मोडायची नाही म्हणून घरपट्टी थकवणारे आमच्याकडे एक निवृत्त ऑफिसर आहेत. त्यांना मी कागदावर गणित मांडून दाखवलं. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि विषय बदलला.

सौर ऊर्जा, पर्जन्यजल संधारण, गांडूळखत यांतला एक प्रकल्प चालू असेल तर पाच टक्के आणि दोन असतील तर दहा टक्के, अशीही सूट आहे. मात्र तो चालू असावा लागतो. नव्या इमारतींत हे सगळं नकाशावर असतंच. आमच्याही होतं. गांडूळखताच्या खड्ड्यावर मुलांच्या सायकली लागलेल्या होत्या. त्या हलवल्या, पावसाच्या पाण्याचा पाइप गच्चीवर जिथं निसटला होता तिथं जोडला आणि मग अर्ज केला. तक्रार करण्यात जेवढा वेळ जातो त्यापेक्षा कमी वेळात हे झालं.

पण मला खरं बोलायचंय ते रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगांबद्दल. आमच्या किती झाल्या त्याला गणती नाही. किचनचा ओटा ग्रॅनाइटचा की क्वार्ट्झचा यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. बाहेर राहायचं भाडं, कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम, ज्यादा फूट, पार्किंग वर की खाली, सगळ्यावर चर्चा. घरपट्टीवर एक अक्षर नाही. बिल्डरनं सांगितलं नाही, कारण ती त्याला भरायची नव्हती. आम्ही विचारलं नाही. कॉर्पसचे चार लाख मिळाले तेव्हा वाटलं, व्याजात वरखर्च निघेल. सात टक्क्यांनी त्याचं वर्षाचं व्याज २८,०००. नव्या इमारतीचा मेंटेनन्स महिना ३,२०० म्हणजे वर्षाला ३८,४००. दोन लिफ्ट, जनरेटर, वॉचमन दोन पाळ्यांत. मेंटेनन्सलाच कॉर्पसचं व्याज पुरलं नाही, घरपट्टीला काय उरणार? ज्यांची मुलं कमावती आहेत त्यांना जाणवत नाही. तळमजल्यावरच्या दोन बहिणी होत्या, दोघी सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी ताबा घेतल्यावर दीड वर्षात घर विकलं आणि त्या नऱ्ह्याला गेल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, "घर छान होतं गं, पण ते सांभाळायला आम्ही नवऱ्याच्या पगाराच्या बायका पाहिजे होतो." दोघीही अविवाहित.

मी रिडेव्हलपमेंटच्या विरुद्ध नाही. जुन्या इमारतीचे सज्जे पडायला आले होते आणि माझे गुडघे तीन जिने चढायला तयार नव्हते. पण करारावर सही करण्याआधी नव्या फ्लॅटची घरपट्टी किती येईल याचा अंदाज लेखी मागता येतो. गल्लीतल्या नव्या इमारतीतल्या कोणाचंही बिल बघितलं तरी चौरस फुटामागं किती पडतं ते कळतं. कॉर्पस ठरवताना मग मेंटेनन्स अधिक घरपट्टी अशी बेरीज धरून बोलता येतं. बिल्डर त्याला तयार होईलच असं नाही, पण ओट्याच्या दगडापेक्षा हा मुद्दा वर्षानुवर्षं पुरतो.

समोरच्या काकांच्या सोसायटीत आता बिल्डरच्या चकरा सुरू झाल्यात. त्यांच्या कमिटीनं मला परवा चहाला बोलावलं होतं. मी माझी दोन्ही बिलं, जुनं आणि नवं, झेरॉक्स काढून नेली. काकांनी चष्मा पुसून दोनदा वाचली आणि विचारलं, "आणि ही सवलत धरून?" पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेत त्यांनी घरपट्टी घातली आहे. पार्किंगच्या खाली, सातव्या क्रमांकावर.