सूर्योदयाची फोड आणि एक लांबलचक इंग्रजी शब्द

ठाण्यातल्या आपल्या मराठी माध्यमाच्या शाळेत संधी सोडवायची जी सवय लागली, तिचा सर्वाधिक उपयोग मला इंग्रजीत झाला. सुवर्णमहोत्सवी अंकात आजच्या मुलांसाठी तीच एका शब्दावर उलगडून दाखवतो. शब्द आहे एपिस्टेमॉलॉजी, म्हणजे ज्ञानमीमांसा, ज्ञान म्हणजे काय याचा विचार. पुढे तत्त्वज्ञान घेणाऱ्यांची त्याच्याशी गाठ पडतेच.

सूर्य अधिक उदय, सूर्योदय. ही फोड अर्थासाठी. उच्चारात मात्र ‘र्यो’ तुटत नाही. त्यातला य सूर्याचा आणि ओ दोघांचा. इथेही तसंच आहे. ग्रीक ‘एपिस्टेमे’ म्हणजे ज्ञान, ‘लॉजी’ म्हणजे शास्त्र, मधला ओ नुसता सांधा. स्कॉटिश तत्त्वज्ञ जेम्स फ्रेडरिक फेरियर यांनी १८५४मध्ये हा शब्द इंग्रजीत रुजवला.

बोलताना त्याचे सहा सिलॅबल, म्हणजे एका दमात उच्चारले जाणारे तुकडे, होतात: इ-पिस-ट-मॉ-ल-जी. मुख्य आघात, म्हणजे जोर, चौथ्यावर, ‘मॉ’वर, हलका आघात दुसऱ्यावर. म्हणजे सगळा जोर नेमका सांध्यावर येतो! आपण अर्थाच्या जागी तोडून ‘एपिस्टेमो-लॉजी’ म्हणतो, तिथेच उच्चार बिघडतो. ‘बायो-लॉजी’, ‘सायको-लॉजी’ही त्यातलेच, खरे उच्चार बाय-ऑ-ल-जी आणि साय-कॉ-ल-जी. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही आणि देवनागरीत बहुतेक स्वर स्पष्ट लिहिले जातात, म्हणून आपण सगळ्या स्वरांना सारखंच वजन देतो. इंग्रजीत आघात नसलेला स्वर बऱ्याचदा पुसट ‘अ’ होतो. ‘टे’चा ‘ट’ आणि शेवटच्या ‘लॉ’चा ‘ल’ होतो तो त्यामुळेच.

नियम सोपा आहे, पाठच करावा: शेवटी ‘लॉजी’ असेल तर शेवटून तिसऱ्या सिलॅबलवर आघात. ‘लॉजिकल’ झालं की सिलॅबल सात होतात आणि आघात पुढे सरकतो: इ-पिस-ट-म-लॉ-जि-कल. मोजून पाहा, तोही शेवटून तिसराच. ‘एपिस्टेमॉलॉजिकली’ या क्रियाविशेषणात लिहिताना आठ दिसतात, पण शेवट ‘क्ली’ असा उच्चारत असल्याने ऐकू सातच येतात. आघात ‘लॉ’वरच राहतो. ‘एपिस्टेमिक’ मात्र वेगळा: ‘इक’ प्रत्ययाच्या लगेच आधी आघात, म्हणून शेवटून दुसरा.

सराव शेवटाकडून करावा. जी, लजी, मॉलजी, टमॉलजी, पिस्टमॉलजी, इपिस्टमॉलजी. सुरुवातीपासून म्हटलं की जोर पहिल्या ‘ए’वरच खर्च होतो. ‘मॉ’ थोडा लांबवा, किंचित वरच्या सुरात घ्या आणि पुढचे दोन झरकन संपवा.